गिरजाआत्या येऊन गेली

“गादीवाल्या चाचाले कोनी तरी बुढी येऊन झापून गेली म्हने. मानूस रडला वो, भर दुकानात.”

“कोन बुढी?”

“काय मालूम. गावातली नाई. म्हने, साऱ्या दारव्ह्याच्या पोरींच्या गाद्या भरतं, अन् सोताच्या पोरीले भुईवर निजवतं काय रे बापा?”

“अगंऽ माय!” म्हणून दुसरी हसली, आणि मग दोघीही हसल्या.

यवतमाळहून दारव्ह्याला येणारी दुपारची काळी-पिवळी जीप. त्या दोघी मधल्या सीटवर, मी मागच्या आडव्या बाकावर, मांडीवर कॉम्प्युटर क्लासची बॅग. बाहेर जिनिंगच्या गेटासमोर कापसाच्या बैलगाड्या उभ्या होत्या, बैल सोडलेले, माणसं गाड्यांखाली झोपलेली. हे सगळं मला स्पष्ट आठवतं, कारण त्या क्षणी मी बाहेर बघत राहिले. आत बघायची हिंमत नव्हती.

ते वाक्य माझं होतं. मी लिहिलेलं... आणि कुणालाही न पाठवता पुसून टाकलेलं.

या गूढ अनुभवांच्या पानावर लिहिणारे बरेच जण सुरुवातीलाच सांगतात की आमचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. मी तर त्याहून वाईट आहे. बाबांचं मेडिकल स्टोअर आहे, आमच्या दाराला लिंबू-मिरची नाही, आणि अमावस्या कधी ते आम्हाला कॅलेंडर बघून कळतं. तुमचे अनुभव मी आवडीने वाचते आणि नंतर लाइट बंद करून शांत झोपते. त्यामुळे खालचं वाचून कुणी “भास झाला असेल” म्हणालं तर मला राग येणार नाही. मीही बरेच दिवस तेच म्हणत होते.

आधी गिरजाआत्याबद्दल सांगायला हवं.

मी लाजरी आहे. लोक “थोडी लाजरी” म्हणतात तशी नाही. दुकानात मला हवी ती वस्तू समोर दिसत नसेल तर मी दुसरीच घेऊन यायचे. कुणी नाव विचारलं की आधी घसा साफ करावा लागायचा. शिकले यवतमाळच्या इंग्लिश मीडियममध्ये. तिथे मराठी बोलायला बंदी होतीच, पण चुकून ‘मले’ किंवा ‘काहून’ निघालं तर टीचर त्या शब्दाची नक्कल करून वर्गाला हसवायच्या. घरी आईही टोकायची, “नीट बोल. मला म्हण, मला.” त्यामुळे माझ्याकडे एक पुस्तकातलं इंग्लिश होतं, एक इस्त्री केलेलं मराठी होतं, आणि दोन्हींत मला गप्प बसणंच सोपं जायचं.

मग बाबांनी घरी कॉम्प्युटर घेतला. डायल-अपचा जमाना. नेट लावलं की फोन बंद, आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची, “मामाचा फोन येणार आहे, सोड ते!” मी एका मराठी फोरमवर जायचे. रोमनमध्ये टाइप केलं की देवनागरी उमटायची, त्याचंच तेव्हा मोठं कौतुक. जगभरचे मराठी लोक तिथे भांडायचे, पाककृती द्यायचे, कविता टाकायचे. मी नुसती वाचायचे.

ती वर्षं कशी होती ते इकडच्या लोकांना सांगायला नको. टीव्हीवर यवतमाळ जिल्ह्याचं नाव आलं की पाठोपाठ काय येणार ते ठरलेलं होतं. पांढऱ्या गाड्यांतून दिल्लीचे लोक यायचे आणि शेतात उभे राहून कॅमेऱ्याशी बोलायचे. फोरमवर एकदा कुणीतरी कुठल्यातरी परदेशातून, अगदी कळवळ्याने लिहिलं: ‘यवतमाळ... तिथे आता कुणी हसत तरी असेल का?’

मला फार राग आला. माझ्या स्वतःच्या आयडीवरून उत्तर लिहायला घेतलं तर एक ओळही धड होईना. मग मी नवा आयडी उघडला. नाव टाकलं ‘गिरजाआत्या’. आणि बोटांतून आपोआप आलं:

‘हासते तं. काऊन नाई हासनार? परवाच आमचे बुढे बैल समजून गाईले जुवाखाली धरत होते. गाय त्याहीच्याकडे पाहे, थे गाईकडे पाहे. हासता हासता म्या तव्यावरची भाकर जायली. ये इकडं, तुलेबी हासवतो.’

त्यावर शंभरेक लोकांनी हसून लिहिलं असेल. मी मॉनिटरसमोर तोंडावर ओढणी धरून बसले होते.

गिरजाआत्या अशी जन्मली. महागावकडची. हिरवं लुगडं, मोठं कुंकू, आवाज असा की वेशीवरून हाक मारली तर घरातलं मांजर उठून बसेल. नवऱ्याला ‘आमचे बुढे’ म्हणणारी आणि त्यांना जरा खोकला आला तरी सगळ्या फोरमला औषध विचारणारी. लोक तिला काहीही विचारायचे: सासू बोलत नाही, पोरगा अभ्यास करत नाही, अमेरिकेत आंबाडीची भाजी कुठे मिळेल. आत्या आधी झापायची, मग उत्तर द्यायची, आणि शेवटी ‘जेवजो बापा पोटभर’ म्हणायची. मला माहीतही नव्हतं की माझ्या आत इतकी वऱ्हाडी आहे, बायकाही ‘मी येतो, मी पाहतो’च म्हणतात ती. जीपमध्ये, दवाखान्यात, बाबांच्या काउंटरसमोर वर्षानुवर्षं गप्प बसून ऐकलेलं सगळं कुठेतरी साठून राहिलं होतं. लाजऱ्या माणसांचे कान फार तयार असतात.

खोटं नाव घेणं म्हणजे फसवणूक, असं पुष्कळांना वाटतं. मला तेव्हा उलटाच अनुभव येत होता. माझ्या खऱ्या नावाने मी जे काही बोलायचे ते सगळं जपून, अर्धवट, समोरच्याला काय आवडेल ते बघून असायचं. आत्या म्हणून लिहिताना मात्र मी एकदाही खोटं बोलले नाही... तिची गाय सोडली तर.

तर या आत्याला एक दिवस खासगी मेसेज आला. आयडी होता ‘नांदेडची पाहुणी’.

तिनं लिहिलं होतं की तिचं माहेर दारव्ह्याचं. नाव शबाना. वडिलांचं बसस्टँडच्या मागे गाद्या-रजया भरण्याचं दुकान. आई लहानपणीच गेली. तिनं नांदेडच्या एका मुलाशी स्वतःच्या पसंतीने लग्न केलं, वडिलांना न विचारता. तेव्हापासून बोलणं बंद. आता सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं असतं, आमच्याकडे हिंदू घर असो की मुसलमान घर, त्यात फरक नाही. सासू चांगली होती, पाठवायलाही तयार होती. पण बोलावणं आल्याशिवाय कशी पाठवणार? आणि एकदा आठवा लागला की पाठवत नाहीत.

‘आत्या, तुमचं सगळेच ऐकतात. तुम्ही महागावहून एकदा दारव्ह्याला जाऊन अब्बांना भेटाल का? माझ्याकडे दुसरं कुणी नाही.’

मी तो मेसेज किती वेळा वाचला असेल!

कारण गादीवाले चाचा मला माहीत होते. करीमचाचा. आमच्या घरच्या सगळ्या गाद्या त्यांच्या हातच्या. दारव्ह्यात कुणाचंही लग्न ठरलं की आंदणाची गादी त्यांच्याकडेच. मी रोज जीपमधून उतरले की त्यांच्या दुकानावरूनच घरी जायचे. पिंजायची मशीन घरघरत असायची, आणि चाचांच्या भुवया कापसाच्या तंतूंनी पांढऱ्या झालेल्या असायच्या. दोन पायऱ्या चढायचं आणि बोलायचं, एवढंच काम होतं.

मी रोज त्या पायऱ्यांपाशी यायचे, चालण्याचा वेग कमी करायचे, आणि पुढे निघून जायचे. काय सांगणार होते? की नांदेडला तुमची मुलगी कॉम्प्युटरवर एका बाईशी बोलते, आणि ती बाई नाहीच आहे?

शबानाला काय कळवावं ते सुचेना. एका दुपारी आत्याचं उत्तर लिहायला बसले. तुझ्या बापाला जाऊन असं म्हणायला पाहिजे, म्हणून लिहिलं: ‘साऱ्या दारव्ह्याच्या पोरींच्या गाद्या भरतं, अन् सोताच्या पोरीले भुईवर निजवतं काय रे बापा?’ वाचून पाहिलं. लेकीने बापाबद्दल वाचावं असं ते नव्हतं. मी ते अक्षर न् अक्षर पुसलं आणि फक्त लिहिलं, ‘धीर धर माय. पाहतो मी.’

मेसेज गेला. खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं. ते वाक्य मी मोठ्याने म्हटलं नव्हतं — मोठ्याने म्हणण्याचा प्रश्नच नव्हता, मी स्वतःशीसुद्धा मोठ्याने बोलत नाही.

आणि आता, आठ-दहा दिवसांनी, तेच वाक्य मी जीपमध्ये ऐकत होते. तसंच्या तसं. ‘रे बापा’सकट.

जीप स्टँडवर थांबली. त्या दोन बायका उतरून गेल्या. त्यांना थांबवून विचारायला हवं होतं, पण मला ते कसं जमणार? मी चाचांच्या दुकानाकडे चालत गेले. या वेळी पायऱ्या चढले. धाडस वगैरे नव्हतं. मला फक्त कुणीतरी सांगायला हवं होतं की तसं काही घडलेलं नाही.

मशीन बंद होती. चाचा गिरणीच्या जुन्या पोत्यावर बसून सुईत दोरा ओवत होते.

“काय पाह्यजे बेटी?”

“उशी.”

“आँ?”

“उशी... लहान.”

“मेडिकलवाल्या साहेबाची ना तू? मंग आवाज काहून एवढा बारीक? बाप उपाशी ठेवते काय?” स्वतःच हसले. “बस.”

मी बसले. त्यांच्यामागे खुंटीला एक छोटी गादी टांगलेली होती, लाल फुलाफुलांच्या कापडाची. पाळण्यात मावेल एवढी, टाके एकसारखे. मी तिच्याकडे बघते आहे हे त्यांना दिसलं.

“थे विकाची नाई,” ते म्हणाले. “माह्या नातवाची आहे. नातू का नात, अल्ला जाने.”

गप्प बसणाऱ्या माणसाचा एक फायदा असतो. लोक त्याला आपण होऊन सांगतात. मी काही विचारलं नाही, आणि चाचा सांगू लागले.

“एक बुढी आलती बेटी. हिरवं लुगडं, कपाळावर हे एवढं कुंकू. मले वाटलं गिऱ्हाईक आहे. पयले बसली. बसली तं काय, पायातल्या चपला काढल्या, कागदात गुंडाळल्या, अन् पिशवीत टाकल्या! म्या म्हटलं, बाई, दुकान आहे हे, इथीसा कोन नेते तुह्या चपला? तं मले म्हने, ढाणकीच्या बाजारातबी लोक असंच म्हनत होते!”

चाचा खो खो हसले. मी पोत्याचा काठ घट्ट धरला.

हिरवं लुगडं आणि कुंकू मी फोरमवर कितीदा लिहिलं होतं, कुणालाही माहीत असू शकलं असतं. चपलांचं मात्र मी कुठेच लिहिलं नव्हतं. ते माझ्या डोक्यात होतं. आत्याच्या चपला एकदा ढाणकीच्या बाजारात चोरीला गेल्या, तेव्हापासून ती जाईल तिथे चपला पिशवीत घालून बसते, लग्नात, देवळात, तहसीलमध्येसुद्धा. पुढे कधीतरी एक मोठी गंमत लिहीन म्हणून मी ते राखून ठेवलं होतं. आईला नाही, मैत्रिणीला नाही, कुणालाही सांगितलं नव्हतं.

“मंग?” मी विचारलं. माझ्या तोंडून ‘मंग’ निघालं होतं.

“मंग काय, समोरून चाय मागवली. चाय बशीत ओतून पेली, कप पालथा घातला, अन् सुटली माह्यावर. बेटी, माह्या बायकोनं मले कधी असं बोललं नाई.” ते वाक्य त्यांनी मला ऐकवलं. जीपमधल्या बाईने एकही शब्द इकडचा तिकडे केला नव्हता. “अन् म्हने, पोट्टीनं नवरा सोताच्या मनानं केला, काही डाका नाई घातला. तू गादी सोताच्या मनानं भरतं का गिऱ्हाइकाले इचारून? म्या म्हटलं, इचारून. म्हने, मंग तरी तुह्या गादीत गाठी काहून पडतेत?”

ते हसत होते आणि उपरण्याने डोळे पुसत होते. भुवईवरचा कापूस गालावर आला होता.

“गाठी नसते पडत बेटी. कोनालेबी इचार. पन मले तिच्यापुढं बोलताच नाई आलं.”

“नाव... सांगितलं त्यांनी?”

“इचारलं ना. म्हने, पोरीची आत्या समज.” चाचांनी सुई पोत्यात टोचली. “मले बहीण नाई. कोनीच नाई. पन तिनं म्हटलं, तं मले वाटलं... असंन बा.”

मग त्यांनी गल्ल्यामागून कागदाची एक पुडी काढली. तिच्यात मूठभर कापूस होता, सरकी हाताने काढलेला. पहिल्या वेचणीचा कापूस आमच्याकडे विकत नाहीत, घरात ठेवतात. आत्याने तो दिला होता, बाळाच्या गादीत घालायला. त्यातला हा उरलेला. मी हातात घेतला. तुम्हाला वाटेल तो थंडगार वगैरे लागला असेल. कापूस होता. कापसासारखाच होता.

“तुह्या घरी बाई नाई ना, म्हने. गादी भरून ठेव, जुम्म्याच्या नमाजानंतर संगं चालू नांदेडले, लेकीले घेऊन येऊ.” चाचांनी मागे वळून गादीकडे पाहिलं. “म्या गादी भरली. नवं शर्ट घातलं. वाट पाहत बसलो. आली नाई.”

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण बाहेरच्या वाचकांना हे कळणार नाही. दिवस गेलेल्या लेकीला आणायला बाप एकटा जात नाही. घरातली एखादी बाई लागते. सासरचे लोक पोटुशी सून बाईच्याच हाती सोपवतात. वाटेत काय लागलं, काय दुखलं, ते ती बापाला कसं सांगणार? चाचा एकटे गेले असते तर सासूने चहापाणी केलं असतं आणि हात जोडून परत पाठवलं असतं. आणि शेजारपाजारच्या कुणाला विचारायला जावं, तर इतकी वर्षं ‘माझी मुलगी नाहीच’ म्हणून त्यांनीच सगळ्यांची तोंडं बंद केलेली.

“महागावच्या गाड्या लागते तथीसा जाऊन रोज पाहून येतो,” चाचा म्हणाले. “हिरवं लुगडं दिसलं का धावतो. लोक म्हनते चाचाले येड लागलं.”

मी विचारलं नाही, पण त्यांनी तेही सांगितलं. त्या बुढीने महिने मोजून दाखवले होते, दोन-चार दिवसांत आठवा लागत होता.

आता पुढचं सगळं आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहणार नाही.

शबाना दारव्ह्याला आली. तिला आणायला आम्ही तिघं गेलो, चाचा, मी आणि माझी आई. आई आधी काही ऐकायलाच तयार नव्हती, आणि मग एकदम म्हणाली, “कुवारी पोरगी जाते काय कुठं पोटुशीले आणायले? सरक, मी येतो.” आईला मी जन्मात पहिल्यांदा वऱ्हाडी बोलताना ऐकलं. बसमध्ये ती आणि चाचा सगळ्या वाटेने वाद घालत होते, शेवग्याच्या शेंगा बाळंतिणीला चालतात का नाही यावर.

परत येताना शबाना माझ्याशेजारी बसली. पुढच्या सीटवर चाचा होते, छोटी गादी मांडीवरून खाली ठेवायलाच तयार नव्हते. शबाना माझ्या कानाशी म्हणाली, “आत्या नाही आल्या?” तेव्हा मी तिला सांगितलं की आत्या म्हणजे मीच. मला वाटलं, आता ही रडेल, किंवा उठून दुसरीकडे बसेल. तिने माझा हात उचलून स्वतःच्या पोटावर ठेवला, आणि विचारलं, “मग अब्बांकडे कोण आलं होतं?”

तिला मुलगी झाली. आता ती शाळेत जाते, आणि आवाज असा आहे की काही सांगता सोय नाही.

चाचांनाही मी पुढे सांगितलं. ते इतके हसले की सुई हरवली. “तू? तुह्या तोंडातून तं उशी निघत नव्हती!” त्यांच्या मते आत्या महागावकडचीच आहे, तिचे बुढे आजारी पडले असतील म्हणून तिला परत यायला जमलं नाही, आणि कधीतरी ती नातीला बघायला येईलच. समोरच्या हॉटेलवाल्यालाही ती आठवते. पालथा घातलेला कप त्यानेच उचलला होता, त्यामुळे चाचांना भास झाला असंही म्हणता येत नाही.

मी माझ्या परीने खूप शोधलं. फोरमवरचा कुणी चेष्टेखोर असेल? पण शबानाने वडिलांचं नाव, दुकान, दिवस गेल्याची बातमी फक्त आत्याला कळवली होती, दुसऱ्या कुणाला नाही, हे ती शपथेवर सांगते. आईचं म्हणणं असं की मीच लहानपणी तशी एखादी बाई पाहिली असेन, ती मनात राहिली, मी तिचीच आत्या केली, आणि योगायोगाने तीच खरी बाई दुकानात आली. “जगात बोलक्या बायका काय कमी आहेत?” ती म्हणते. असेल. पण पुसलेलं वाक्य? त्या बाईला ते कुणी वाचून दाखवलं? आणि चपला? महागावला बाबांच्या ओळखीचे दोन-तीन औषधवाले आहेत, त्यांनाही विचारून झालं. चपला पिशवीत घालून बसणारी बाई कुणाच्याच पाहण्यात नाही.

एक विचार कधीकधी येतो, तो इथे लिहून टाकते, कारण समोरासमोर कुणाला सांगता आला नसता. मी तिला इतकी वर्षं रोज थोडं थोडं बोलू दिलं. माझ्यात जे बाहेर यायला लाजत होतं ते सगळं तिच्याकडे दिलं. मी पायऱ्यांपाशी रोज वेग कमी करून पुढे जात होते, तेव्हा ती बहुतेक कंटाळली असेल. ‘या पोट्टीच्यानं काही होत नाई’ म्हणून उठली असेल, लुगडं झटकलं असेल, आणि दोन पायऱ्या चढून गेली असेल. हे उत्तर नाही, मला माहीत आहे. उत्तर माझ्याकडे नाही. आजही नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा.

भीती मात्र मला तेव्हाही वाटली नाही आणि आताही वाटत नाही. उलट कधी एकटी असले की वाटतं, कुठेतरी महागावच्या रस्त्याला कुणीतरी माझ्या वतीने मोठमोठ्याने बोलत चाललं आहे.

फक्त तिने दिलेला शब्द तिने पाळला नाही, हे मला त्या दुपारी दुकानात फार लागलं. चाचांनी सुई पोत्यात टोचून ठेवली होती. छोटी गादी खुंटीवरून काढून मांडीवर घेतली होती, आणि ते तिच्या कडेवरचे कापसाचे तंतू एकेक करून वेचत होते, जे तिथे नव्हतेच.

“येईन ना थे, बेटी?” त्यांनी मला विचारलं. “तुले काय वाटते?”

मला माहीत होतं की ती येणार नाही. ती कुठे राहते हे सगळ्या जगात मला एकटीलाच माहीत होतं. तेवढ्यात बाहेर एक जीप हॉर्न वाजवत गेली, आणि चाचा गादी छातीशी धरून अर्धवट उठले, दारातून डोकावून पाहिलं, आणि परत खाली बसले.

मी घसा साफ केला नाही. शब्द आधी मनात जुळवूनही पाहिले नाहीत. आवाज इतका मोठा निघाला की समोरच्या हॉटेलातल्या लोकांनी माना वळवल्या.

“चाचा, आत्याची वाट नका पाहू. नांदेडले तुमच्यासंग मी येतो.”